कागदावरचं गाणं आणि टेपवरचं गाणं

रॉकमधलं सर्वांत थोर गाणं कोणतं, हा वाद निरर्थक आहे असं म्हणून तो झटकून टाकणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. वाद नीट घातला तर निदान आपण नेमकं काय मोजतोय, एवढं तरी उमगतं. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००४ साली पाचशे गाण्यांची यादी काढली, तेव्हा पहिला मान बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ला मिळाला होता. त्याच मासिकाने २०२१ साली यादी नव्याने केली, तर पहिल्या जागी अरेथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ आलं आणि डिलन चौथ्या जागी गेला. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १६३व्या क्रमांकावर होतं, ते १७व्यावर चढलं. गाणी तीच, टेपही त्याच. मोजपट्टी तेवढी बदलली.

या मोजपट्टीवरून आमच्या घरात दोन तट आहेत. एका बाजूला माझी बहीण. तिला घरातले सगळेच आत्या म्हणतात. ती गाणं आणि गिटार शिकवते. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा, म्हणजे तिचा भाचा. तो मुंबईत एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. आत्याच्या मते गाणं म्हणजे चाल आणि शब्द, बाकी सगळा साज. भाच्याच्या मते रॉकमध्ये गाणं म्हणजे ते एकमेव रेकॉर्डिंग, आणि चाल हा त्याचा कच्चा माल. दोघांचेही कान तयार आहेत आणि दोघांचाही या गाण्यांवर जीव आहे, म्हणून त्यांचं बोलणं इथे मांडावंसं वाटलं. साधारण १९६५ ते १९७९ या काळातली गाणी घ्यायची, एवढंच आधी ठरलं होतं.

आत्या : माझी कसोटी साधी आहे. एक गिटार, एक आवाज. वीज गेली तरी जे गाणं उभं राहतं ते मोठं. ‘लैला’ घे. १९७० साली एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी त्यात गिटारींवर गिटारी चढवल्या होत्या. बावीस वर्षांनी क्लॅप्टनने एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’मध्ये खुर्चीवर बसून, साधी गिटार घेऊन, लय संथ करून तेच गाणं म्हटलं. लोकांनी डोक्यावर घेतलं, ग्रॅमीसुद्धा मिळालं. आतली चाल भक्कम असल्याशिवाय असं होत नाही रे.

भाचा : मलाही ते आवडतं. पण आत्या, मूळ ‘लैला’च्या शेवटी तो जो पियानोचा लांब भाग येतो, तो ‘अनप्लग्ड’मध्ये नाहीच. सगळा आक्रोश संपल्यावर माणूस थकून शांत व्हावा तसा तो येतो. तो काढला की गाण्याचा अर्थच बदलतो. त्यामुळे तू जे ऐकतेस ते त्याच नावाचं दुसरं गाणं आहे.

आत्या : बरं, मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर मालिबूला भाड्याच्या घरात राहत होता, तिथे त्याने कॉर्ड्सचा तो क्रम बांधला आणि घरच्या टेपवर उतरवला, ई मायनरमध्ये. पुढे गाणाऱ्या डॉन हेन्लीला ती पट्टी उंच पडायला लागली, म्हणून बी मायनरला आणलं. पट्टी बदलली म्हणून गाणं हललं का? माझ्याकडे येणारी मुलं सातव्या फ्रेटवर कॅपो लावून पहिली आठ कॉर्ड्स वाजवतात आणि खोलीतली सगळी माणसं बोलायची थांबतात. अजून गायला कुणी सुरुवातही केलेली नसते.

भाचा : तुझीच गोष्ट पुढे नेतो. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललं होतं. शेवटच्या सोलोची वेळ आली तेव्हा फेल्डर आणि जो वॉल्श नवंच काहीतरी वाजवायला लागले. हेन्लीने थांबवलं. म्हणाला, डेमोवर होतं तसंच हवं. डेमोची कॅसेट राहिली मालिबूला. फेल्डरने घरी फोन लावला, घरकाम बघणाऱ्या बाईंनी ती कॅसेट शोधून फोनजवळ धरून वाजवली, आणि स्वतःच केलेला सोलो तो माणूस फोनवर ऐकून पुन्हा शिकला. ते सगळं कागदावर असतं तर फोन करावा लागला नसता. गाणं टेपवर होतं.

आत्या : टेपवर जपलेलं होतं, असं म्हण. आधी केलं होतं म्हणून जपलं गेलं.

इथे मला आत्याचं पारडं जरा जड वाटलं. पण भाच्याने जे पुढचं उदाहरण काढलं ते त्याच्या धंद्यातलं होतं, आणि त्यावर तो बोलायला लागला की थांबत नाही.

भाचा : ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणं १९२९ सालचं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला होता, त्यावरचं. लेड झेपलिनने ते १९७१च्या चौथ्या अल्बममध्ये घेतलं. कागदावर बघशील तर फार काही नाही. जवळजवळ एकाच कॉर्डवर सात मिनिटं. आता ते झालं कसं बघ. हॅम्पशरमध्ये हेडली ग्रेंज नावाचा जुना वाडा आहे, तिथे ही मंडळी फिरता स्टुडिओ घेऊन गेली होती. जॉन बॉनमचा ड्रमसेट खालच्या दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. इंजिनिअर अँडी जॉन्सने ड्रमजवळ माइक लावायचे सोडून दोन माइक वर जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडले. दोनच. बॉनमने पाय मारला की आवाज तीन मजले वर जायचा, भिंतींवर आपटून परत यायचा, आणि माइकला तो सगळा प्रवास मिळायचा. वर थोडा एको, थोडं काँप्रेशन. मग टेप जराशी हळू केली, म्हणजे तो आवाज आणखी जड झाला. गाणं सुरू होतं तेव्हा नुसते ड्रम असतात, आणि पहिल्या दोन ठोक्यांतच पूर आलेला असतो. शब्द यायच्या आधी. आता मला सांग, हे चालीत कुठे आहे?

आत्या : चालीत नाही. पण तो नाद आहे, गाणं नव्हे. उद्या यापेक्षा मोठा जिना सापडेल.

भाचा : सापडले की! पन्नास वर्षं लोक जिने शोधतायत. शेकडो गाण्यांत तेच ठोके कापून वापरलेत. कारण तो आवाज नुसता मोठा नाही, त्या जागेत त्या माणसाचा त्या वेळचा आहे.

आत्या : तुला वाजवणाऱ्याचं कौतुक आहे, ते मला मान्यच आहे. पण मोठं गाणं म्हणताना मी विचारते, दुसऱ्याला ते देता येतं का? माझ्याकडून माझ्या विद्यार्थ्याला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला. जिना देता येत नाही.

भाचा : मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चं काय करशील? पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधलं. रिक राइटचा पियानो तयार होता. १९७३च्या जानेवारीत, एका रविवारी, क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला ॲबी रोडला बोलावलं. शब्द नाहीत, सुरावट नाही. मरणाबद्दल आहे, एवढंच सांगितलं. तिने आवाजाचं वाद्य करून म्हटलं. बाहेर आली ती ओशाळून, आपण फारच ओरडलो असं तिला वाटत होतं. मजुरी मिळाली ३० पौंड. पुढे दुकानात अल्बमवर आपलं नाव दिसलं, तेव्हा तिला कळलं की ते घेतलंय. ते नाव गायिका म्हणून होतं. गाणं बांधणारा म्हणून एकट्या राइटचंच नाव.

आत्या : आणि २००४ साली ती कोर्टात गेली.

भाचा : गेली. २००५ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटबरोबर तिचंही नाव लागतं.

आत्या : मग हे माझ्या बाजूचं उदाहरण झालं! तिने तिथल्या तिथे रचना केली. तीन वेगवेगळ्या चढणी आहेत त्यात, नीट ऐक. पहिल्यांदा तक्रार, मग झुंज, मग सोडून देणं. ते नुसतं ओरडणं असतं तर पुन्हा पुन्हा ऐकवलं नसतं. ती चाल आहे, आणि ती तिची आहे. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’चंही तेच. १९६७ सालचं गाणं, नावं गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. पण लोकांना आठवतो तो मॅथ्यू फिशरचा हॅमंड ऑर्गन, ती बाखच्या वळणाची धून. अडतीस वर्षांनी फिशरने दावा लावला. २००६ साली लंडनच्या न्यायाधीशाने संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा ठरवला, आणि २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची रचनाकार म्हणून जागा कायम केली. म्हणजे कायद्यानेही सांगितलं, ऑर्गनवर वाजवलं ते चालीचाच भाग.

भाचा : बरोबर. पण इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नाही, कारण चाल म्हणजे पियानोवर बसून लिहिणाऱ्याची, असा समज. तो समज तुझ्या कसोटीतून येतो, आत्या.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. कागदावर लिहिली तर पोस्टकार्डाचा कोपराही भरत नाही. ती बांधणाऱ्याला आपण मान देतोच, पण भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण ऐकून उठताना कुणी बंदिश किती लांब होती हे बघत नाही. तरीही ती बंदिश पुढच्या पिढीला देता येते, आणि दिली जातेच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे आपल्या संगीतात वाढलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. फरक इतकाच की रॉकमध्ये जे गायलं-वाजवलं गेलं ते टेपवर कायमचं थांबलं, आणि जगभर लाखो लोकांनी तेच एक गायन हजारदा ऐकलं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या मैफलीत तोच राग वेगळा व्हायचा.

आत्या : आता डिलनकडे येते, कारण तिथे तुला उत्तर द्यावंच लागेल. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’. १९६७च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलला रेकॉर्ड केलं. तीन कॉर्ड्स, बारा ओळी, अडीच मिनिटं. गिटार, हार्मोनिका, बास, ड्रम, बस्स. दोन महिन्यांनी जिमी हेंड्रिक्सने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ते हातात घेतलं. एवढी सांगाड्यासारखी चाल नसती, तर त्याला त्यात घर बांधायला जागा मिळाली असती का?

भाचा : आणि हेंड्रिक्सने बांधलं नसतं तर डिलनच्या त्या गाण्याची आज किती जणांना आठवण राहिली असती? त्याचा बासवादक नोएल रेडिंग वैतागून निघून गेला, तेव्हा बास त्याने स्वतः वाजवला. मधल्या सोलोचे चार भाग आहेत, चारही वेगळ्या आवाजाचे. एका ठिकाणी त्याने सिगारेट लायटर तारांवर सरकवलाय. मग न्यूयॉर्कला नेऊन ट्रॅकवर ट्रॅक वाढवत गेला, समाधान होईना म्हणून पुन्हा पुन्हा. पुढे काय झालं तुला माहीत आहे. १९७४च्या दौऱ्यापासून डिलन स्वतः ते हेंड्रिक्सच्या वळणाने गातो. ते गाताना हेंड्रिक्सला मानवंदना दिल्यासारखं वाटतं, असं त्याने सांगितलंय. ज्याने गाणं लिहिलं त्यालाच ते दुसऱ्याच्या टेपवर सापडलं.

आत्या : सापडलं हे खरं. पण ते शब्द बघ, गोष्ट जिथे सुरू व्हायला हवी तिथे संपते. वारा सुटलाय, कोणीतरी येतंय, आणि गाणं बंद. हेंड्रिक्सने ते ऐकलं होतं. वादळ त्याच्या गिटारने आणलं, पण वादळ येणार हे डिलनने आधी लिहिलं होतं.

यावर भाचा काही बोलला नाही. मला वाटतं, या एका गाण्यात दोघंही जिंकतात. सर्वांत थोर गाण्यांच्या यादीत ते माझ्या दृष्टीने पहिल्या पाचांत असायलाच हवं, आणि नावापुढे दोघांची नावं हवीत.

भाचा : आता कागदाची गंमत बघ. ‘स्टेअरवे टू हेवन’वरचा खटला. स्पिरिट नावाच्या बँडचं ‘टॉरस’ हे १९६८ सालचं वाद्यसंगीत. त्यातली उतरत जाणारी गिटार आणि ‘स्टेअरवे’ची सुरुवात सारखी आहे, असा दावा. २०१६ साली लॉस एंजलिसमध्ये ज्यूरीपुढे चालला. आणि ज्यूरीला दोन्ही रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून तुलना करू दिली नाही! का, तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे संरक्षण फक्त सरकारदरबारी जमा केलेल्या नोटेशनच्या कागदाला. टेपला नाही. जगाने जे ऐकलं ते सोडून जे कुणीच ऐकलं नाही त्याची तुलना. लेड झेपलिन जिंकले, २०२०च्या मार्चमध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं.

आत्या : आणि योग्यच केलं. मायनरमध्ये खालचा सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरवत न्यायचा, ही कितीतरी शतकांची जुनी युक्ती आहे. ती कुणा एकाची मालमत्ता झाली तर मी क्लासमध्ये शिकवू काय? ‘स्टेअरवे’ मोठं आहे ते त्या उतरणीमुळे नाहीच. आठ मिनिटांचं गाणं, ध्रुवपद असं नाही. ड्रम चार मिनिटं उलटल्यावर येतात. चार मिनिटं बॉनमसारखा माणूस हात बांधून बसलाय! लय हळूहळू वाढत जाते, आणि जिमी पेजचा सोलो येतो तेव्हा आपण कधी धावायला लागलो ते कळत नाही. ही रचना आहे, बाळा. शुद्ध रचना.

भाचा : हे मान्य. पूर्ण मान्य.

आत्या : मग नोंद कर.

भाचा : पण ‘रिस्पेक्ट’चीही नोंद कर. लिहिलं ओटिस रेडिंगने, १९६५ साली गायलंही त्याने. त्यात घरी दमून आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. १९६७च्या फेब्रुवारीत अरेथाने ते घेतलं. बाईच्या तोंडी घातलं, त्या शब्दाची अक्षरं एकेक करून म्हणण्याचा भाग घातला, बहिणींना मागे उभं केलं, मधे सॅक्सोफोन आणला. ओटिसच्या गाण्यात ती अक्षरं नाहीतच, आणि आज जगाला तेवढीच पाठ आहेत. तरी रचनाकार म्हणून नाव एकट्या ओटिसचं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला. गाणाऱ्याला एक पैसाही नाही. अरेथाचं ‘रिस्पेक्ट’ पन्नास वर्षं अमेरिकेच्या रेडिओवर वाजलं, तिला त्याचं काही मिळालं नाही. कागद ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात. आणि बघ ना, कागदाबाहेर राहिलं कोण? अरेथा. क्लेअर टॉरी. मागे कोरस गाणाऱ्या बायका.

आत्या बराच वेळ गप्प राहिली. तिने आयुष्यभर गायन शिकवलंय, त्यामुळे हे तिला लागलं असणार. मलाही लागलं. ‘क्लासिक रॉक’ हे नावच मुळी १९८०च्या दशकात अमेरिकन एफएम केंद्रांनी रुळवलं, आणि त्यांच्या वाजवायच्या याद्यांत मुख्यतः गिटार घेतलेले गोरे तरुण दिसत राहिले. ज्या ब्लूजवर ते उभे होते ते याद्यांत नव्हते. ब्लूज लिहिणाऱ्या विली डिक्सनला ‘होल लॉटा लव्ह’मधल्या आपल्या शब्दांसाठी १९८५ साली लेड झेपलिनवर दावा लावावा लागला, तेव्हा १९८७ साली तडजोड झाली. ‘लेव्ही’वर मात्र मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून छापलेलं आहे, हे त्याच लेड झेपलिनच्या बाजूने सांगायला हवं.

आत्या : कागद चुकीच्या माणसाच्या हातात होता, म्हणून कागद वाईट ठरत नाही. त्यावर नावं घाला. अरेथाने केलं ते रचनाच होतं, त्याला रचना म्हणा. माझी कसोटी मी सोडत नाही, फक्त तिच्या आत कोण येतं ते वाढवते.

भाचा : मग आपण फार लांब राहिलो नाही.

आत्या : आहोत. अजून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ राहिलंय.

ते मी काढणार होतो, कारण त्यात आपला एक धागा आहे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारला पारशी घरात जन्म, आठव्या वर्षी बोटीने हिंदुस्थानात, आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात मुक्काम. पियानो तो तिथे शिकला, ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड तिथेच केला. शाळेतल्या मुलांसमोर वाजवायचे. त्या गाण्यात एकाच माणसाच्या डोक्यात ऑपेरा, बॅलड आणि कर्कश गिटार भांडणं न करता नांदतात. याचं मूळ त्याच्या अशा सरमिसळ बालपणात असावं असं मला फार वाटतं.

भाचा : पण झालं ते टेपवरच. १९७५ सालचा उन्हाळा, वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ. चोवीस ट्रॅकची टेप. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, तीन गळे. तीच माणसं पुन्हा पुन्हा गात राहिली, आवाजावर आवाज चढत गेला, नुसत्या ऑपेराच्या भागाला साधारण तीन आठवडे लागले. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर इतक्यांदा उतरवलं की चुंबकीय थर झिजून टेपमधून आरपार दिसायला लागलं. पावणेसहा मिनिटांच्या वर गेलेलं गाणं रेडिओवाले लावतील का, ही शंका होती. नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं राहिलं. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात? ऑपेराचा भाग आला की चौघंही स्टेजवरून आत जायचे आणि टेप लावायचे. जगातला एक उत्तम बँड स्वतःचं गाणं वाजवू शकत नव्हता. यापेक्षा स्पष्ट पुरावा तुला काय हवा?

आत्या : ते आत गेल्यावर समोरचे लोक काय करायचे?

भाचा : गायचे.

आत्या : सगळा ऑपेरा. सगळे भाग. जाड आवाजवाले खालचा सूर, बायका वरचा. फ्रेडी ते स्टुडिओत आणण्याआधीच डोक्यात घेऊन आला होता. पियानोवर सुरुवात वाजवून थांबायचा आणि सांगायचा, इथे आता ऑपेरा येतो. टेपने ते बाहेर काढलं, एवढंच. आता ते कुठल्याही लग्नात, कुठल्याही बसमध्ये, एकही वाद्य नसताना उभं राहतं. माझ्या कसोटीत गिटारसुद्धा लागत नाही त्याला.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला आणि भाच्यालाही वाटला असावा, कारण त्याने विषय थेट नगरकडे नेला. द हूचं ‘बाबा ओ’रायली’, १९७१. नावातला बाबा म्हणजे मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले, १९२५पासून मौनात राहिलेले. समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला. द हूचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. नावातला दुसरा माणूस अमेरिकन संगीतकार टेरी रायली. माणसाची माहिती यंत्राला द्यायची आणि त्यातून त्या माणसाचं संगीत काढायचं, अशी टाउनशेंडची एका मोठ्या प्रकल्पासाठी कल्पना होती. प्रकल्प बारगळला, गाणं राहिलं. सुरुवातीला जे सूर गरगरत राहतात ते लाउरी ऑर्गनचे. स्टेजवर ती टेप चालू असायची आणि कीथ मून कानाला हेडफोन लावून तिच्याबरोबर ड्रम वाजवायचा. जगातला सर्वांत बेबंद ड्रमर, आणि टेपच्या लयीला बांधलेला. आत्याने त्यावर एकच सांगितलं, की शेवटचं व्हायोलिन हाताने वाजवलंय आणि तिला गाण्यात तेवढंच आठवतं. मला विचाराल तर त्या व्हायोलिनसाठी आधीचा सगळा यंत्राचा भोवरा लागतोच.

भाचा : शेवटचं. माझं पहिल्या नंबरचं. ‘गिमी शेल्टर’, रोलिंग स्टोन्स, १९६९. लॉस एंजलिसला मिक्सिंग चाललेलं, तिथे कुणाच्या तरी मनात आलं की बाईचा आवाज हवा. मध्यरात्रीच्या सुमारास मेरी क्लेटनला फोन गेला. गरोदर होती, झोपायच्या तयारीत, केसांना कर्लर्स. तशीच आली. दोन-तीन वेळा गायली आणि गेली. साधारण तिसऱ्या मिनिटाला तिच्या वाट्याच्या ओळी येतात. पहिल्यांदा आवाज ताणला जातो, दुसऱ्यांदा चरा पडतो, तिसऱ्यांदा फाटतो. आणि हेडफोन लावून ऐक, आवाज फाटतो त्या क्षणी मागे मिक जॅगर ओरडतो. दाद आहे ती, मैफलीत देतात तशी. ती पुसली नाही, राहू दिली. ते युद्धाचे दिवस होते, आणि सगळी भीती त्या एका चऱ्यात आहे. नोटेशनमध्ये त्याला चिन्हच नाही.

आत्या : माझंही ते पहिल्या तिनांत आहे. पण एक सांगते. १९८९पासून २०१५पर्यंत स्टोन्सच्या दौऱ्यांत ते लिसा फिशर गायची. तिने कधी मेरी क्लेटनचा चरा उसना घेतला नाही. तिथे ती वेगळाच सूर लावायची, कधी जॅगरशी भांडल्यासारखी, कधी एकटीच वर निघून जायची. पंचवीस वर्षं, रोज नवं. त्या ओळींत तेवढी ताकद लिहिलेली नसती तर ते शक्य नव्हतं.

भाचा : पण प्रत्येक रात्री लोक वाट कशाची बघत होते?

आत्या : तिची.

भाचा : तिसऱ्या मिनिटाची, आत्या.

माझं मत मी देऊन टाकतो : पहिलं ‘गिमी शेल्टर’, आणि तेही टेपवरचं, १९६९चं. दुसऱ्या जागी ‘वॉचटॉवर’, दोन्ही एकत्र. आत्या पहिल्या जागी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’वर ठाम आहे. भाचा म्हणतो की ते गाणं आधी तीन मात्रांच्या लयीत चाललं होतं आणि जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, १६ जून १९६५ला, चार मात्रांत घेतलं, आणि गिटार वाजवायच्या आशेने आलेला एकवीस वर्षांचा अल कूपर कुणाचं लक्ष नसताना ऑर्गनवर जाऊन बसला, तेव्हा ते झालं. कूपरला ऑर्गन नीट येत नव्हता. कॉर्ड कोणती ते ऐकून मगच तो बोटं ठेवायचा, म्हणून रेकॉर्डवर ऑर्गन बाकीच्यांच्या किंचित मागे आहे. निर्माता टॉम विल्सन म्हणाला, हा काही ऑर्गनवाला नाही. डिलन म्हणाला, आवाज वाढव त्याचा. भाच्याच्या मते गाणं त्या क्षणी पूर्ण झालं. आत्याच्या मते डिलनने आवाज वाढवायला सांगितलं, कारण आपल्या गाण्याला काय हवंय ते लिहिणाऱ्याला बरोबर कळतं.